दिवेलागणीचा टाइम

काचीगुडा, हैदराबाद दक्षिण
ता. १६ जानेवारी १९४४

सौ. विहीणबाई तारामतीबाईंस पद्मावतीचा नमस्कार.

मालती सोलापूरहून सुखरूप पोचली. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली होती, पाय थोडे सुजले होते ते दोन दिवसांत उतरले. तुम्ही दिलेला तिळगूळ फुटला नाही, फक्त डबा किंचित चेपला. डबा रिकामा करून, घासून ठेवलाय. बाळंतपण आटोपून ती परत निघेल तेव्हा त्यात डिंकाचे लाडू घालून पाठवीन.

स्टेशनावर मात्र आमची फजिती झाली. गाडी पाचला म्हणून मी पाचला जायला निघाले, तर हे हसायला लागले. म्हणाले, ‘तुमच्या देवाच्या पाचला गाडी येऊन, रिकामी होऊन, यार्डात जाऊन उभी राहील.’ तुम्हाला ठाऊकच आहे, लढाईपायी सरकारने सगळी घड्याळं तासभर पुढे केली त्याला आता दीड वर्ष होत आलं. हे रेल्वेच्या कचेरीत, तेव्हा बाहेरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ नव्या टाइमवर. पण पंचांगातल्या तिथ्या काही सरकारने पुढे केल्या नाहीत. म्हणून देवाजवळचं गजराचं लहान घड्याळ मी जुन्या टाइमवरच ठेवलंय. एका घरात दोन घड्याळं, आणि दोन्ही बरोबर.

दिव्याचं तेल वाचावं म्हणून हे केलं असं पेपरात होतं. मी वहीत घासलेटच्या बाटल्या टिपून ठेवते. संध्याकाळी खरंच कमी जळतं, मंडळी उजेडी जेवतात. पण यांच्या डब्यासाठी मला अंधारात उठून चूल पेटवावी लागते, तिथे तितकंच जळतं. दीड वर्षात वाचली ती पाऊण बाटली, तीही मागच्या उन्हाळ्यात आम्ही पंधरा दिवस परगावी होतो म्हणून. नळ नव्या टाइमवर येतो, म्हैस जुन्या टाइमवर दूध देते, मध्ये मी. तरी यांना वेळेवर डबा मिळतो आणि देवाला वेळेवर नैवेद्य, तेव्हा माझी तक्रार नाही.

दिव्याची वेळ झाली, थांबते.

आपली,
पद्मावती

*

सोलापूर
ता. २३ जानेवारी १९४४

सौ. विहीणबाई पद्मावतीबाईंस तारामतीचा नमस्कार.

पत्र वाचून आमचे एकनाथराव म्हणाले, बाईंनी सरकारचाही ताळा तपासून पाहिला. तुम्ही मॅट्रिक झालेल्या, तुम्हाला दोन घड्याळं झेपतात. इथे एकच आहे आणि त्याला मी विचारत नाही. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की दिवा लावायचा. सून होऊन आले तेव्हापासून सासूबाईंनी हेच शिकवलं. आता भोंगा तासभर आधी होतो, म्हणजे अंगणात ऊन असताना मी तुळशीपाशी निरांजन लावते. ज्योत दिसतसुद्धा नाही. पण रीत ती रीत.

मला तर हे घड्याळ ढकलणं म्हणजे शाळेतल्या पोरांना भिववण्याचा प्रकार वाटतो. ज्याला लवकर उठायचंय त्याने लवकर उठावं, काटे कशाला फिरवायचे? एकनाथराव म्हणतात, लोक आपणहून उठत नाहीत, काट्याने उठतात. असेल.

मालतीला जड उचलू देऊ नका. बाळ झालं की लगेच तार करा. वेळ बरोबर बघा, अंदाजे नको. बाकीचा हिशेब आमचे गुरुजी करतील, ते चाळीस वर्षं पत्रिका मांडताहेत.

तारामती

*

सोलापूर
ता. २७ मार्च १९४४

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

तार पाडव्याच्या दिवशीच मिळाली. ‘मुलगा. शुक्रवार सायंकाळी साडेसहा. दोघे खुशाल.’ वाचून आनंद झाला. एकनाथरावांनी शेजारीपाजारी पेढे वाटले आणि मग गुरुजींना बोलावलं.

पुढचं लिहिताना जड जातंय. शुक्रवारी फाल्गुनी अमावास्या होती आणि ती जुन्या टाइमने सहा वाजून पाच मिनिटांपर्यंत होती. हल्ली सगळ्यांच्या घड्याळातला एक तास गुरुजी वजा करतात, तसा तुमचाही केला. साडेपाच आले. म्हणजे मूल अमावास्येचं, तेही वर्षाच्या शेवटच्या. पस्तीस मिनिटं उशिरा झालं असतं तर पाडव्याचं झालं असतं. पण ते आपल्या हाती नाही.

आमच्या घरात अमावास्येच्या मुलाचं तोंड जननशांत झाल्याशिवाय बाप पाहत नाही. शांतीचा मुहूर्त पुढच्या अमावास्येनंतर निघेल. तेव्हा बारशाला वसंत येणार नाही. तो हट्टाला पेटलाय, पण मी त्याला सोडणार नाही. मालतीला समजावून सांगा. तिला वाईट वाटेल, पण तिच्या नवऱ्याच्या भल्यासाठीच आहे.

तारामती

*

काचीगुडा
ता. २९ मार्च १९४४

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबले. चूक माझी आहे, ती आधी सांगते.

साडेसहा हे जुन्या टाइमचे होते. मी देवाजवळच्या घड्याळात पाहिले, कारण वेळ पत्रिकेसाठी हवी होती. बाहेरच्या घड्याळात तेव्हा साडेसात वाजले होते. यांनी तारेच्या फॉर्मवर ‘जुना टाइम’ असं लिहिलंही होतं. मी शब्द मोजले. दोन शब्द जास्त होत होते. मी म्हटलं, पत्रिकेची वेळ म्हणजे जुनाच टाइम, हे काय विहीणबाईंना सांगायला हवं? आणि खोडले. हे म्हणाले, ‘राहू द्या हो, नातवाची तार आहे.’ मी ऐकलं नाही. एक तास इथे मी वजा केला होता, तुमच्या गुरुजींनी तोच परत वजा केला. बाळाचा एक तास दोघांच्या नीटनेटकेपणात गेला.

मूल पाडव्याचं आहे, विहीणबाई. अमावास्या संपून पंचवीस मिनिटं झाली होती. मी नुकती दिवा लावायला काडी ओढली होती आणि आतून रडणं ऐकू आलं. काडी हातातच विझली.

मालती बाळाच्या टोपड्याला लावलेली लेस उसवते आणि परत लावते. आज तिसऱ्यांदा.

बारसं बुधवारी, पाच तारखेला. वसंतरावांना पाठवावं ही विनंती.

पद्मावती

*

सोलापूर
ता. ३१ मार्च १९४४

सौ. विहीणबाईंस.

रागावू नका, पण मी सरळ लिहिणारी आहे. अमावास्या ऐकल्यावर कुठलीही आजी म्हणेल की घड्याळ जुनं होतं. मी तुमच्या जागी असते तर मलाही तसंच आठवलं असतं, आणि मी ते खोटं म्हणून सांगितलं नसतं, मला ते खरंच वाटलं असतं. ज्या घरात दोन घड्याळं, त्या घरात घाईच्या वेळी बाईने कुठे पाहिलं हे तिचं तिलाही सांगता येत नाही. सुईण ओरडते, पाणी उकळतं, लेक कण्हते. मी चार बाळंतपणं पाहिलीत.

तुम्ही लिहिता दिवा लावत होते. त्याने काय सिद्ध होतं? माझा दिवा भोंग्यावर लागतो, तेव्हा लख्ख ऊन असतं. तुमचा दिवा तुम्ही कशावर लावता? रेल्वेच्या घड्याळावर लावत असाल तर साडेपाचलाही काडी ओढली असेल.

गुरुजी म्हणतात, शंका आहे तिथे अमावास्याच धरावी. वसंत दोन दिवस नुसता जेवतो, ताट उचलतो, जातो.

तारामती

*

काचीगुडा
ता. २ एप्रिल १९४४, रामनवमी

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

तुम्ही विचारलंत, दिवा कशावर लावता. मी हे तुम्हाला कधी कळू दिलं नसतं. तुमचं घर कर्मठ, सासूबाईंच्या रीती अजून सांभाळणारं. पण आज रामजन्माला जाऊन आले, आणि या दिवशी अर्धंच लिहिलं तर ते मला पचणार नाही.

देवळात आज गंमत झाली. जन्म बाराचा. नव्या टाइमने बारा वाजले तसे काही कचेरीतले लोक पाळण्याची दोरी धरायला पुढे सरसावले. म्हातारे पुजारी बाहेर गेले, ओट्याच्या कडेची सावली पाहून आले आणि म्हणाले, ‘देव अजून तासभर आहे.’ सगळे बसून राहिले. घड्याळात एक वाजता राम जन्मला. कुणी हसलं नाही. मला बरं वाटलं.

आता दिव्याचं. घड्याळं पुढे झाली तेव्हा पहिले काही दिवस माझा फार घोटाळा झाला. भिंतीवरच्या घड्याळाने दिवा लावावा तर ऊन. देवाजवळचं घड्याळ गजराचं, किल्ली द्यायची राहिली की मागे पडतं. दिवेलागण तर सूर्य मावळला की. आमच्या घरासमोर दोन मजली इमारत आहे, सूर्य कधी टेकला ते दिसत नाही. गल्लीच्या टोकाला मशीद आहे. तिथले एक म्हातारे मगरीबची अजान देतात ती सूर्य मावळल्यावर, रोज मिनिट-अर्ध्या मिनिटाने पुढे-मागे. त्यांना सरकारी तास लागू नाही. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी काडीपेटी हातात घेऊन अजानची वाट पाहतेय. तेव्हापासून तसंच. दीड वर्ष माझ्या देवघरातला दिवा मशिदीतल्या अजानवर लागतो. देवाजवळचं घड्याळसुद्धा मी त्यावरूनच पंचांगाशी जुळवून घेते. यांनासुद्धा हे ठाऊक नव्हतं, काल सांगितलं. म्हणाले, ‘मला वाटायचं तुम्ही फार काटेकोर आहात.’

त्या शुक्रवारी अजान सुरू झाली, मी काडी ओढली, आणि अजान संपायच्या आत बाळ रडलं. गंगू सुईण साक्षीला आहे. ती म्हणाली, ‘बाई, पोरगं बांग ऐकूनच बाहेर आलं.’ शेजारच्या मुनीरबी नमाज आटोपून भिंतीवरून वाकल्या आणि म्हणाल्या, ‘मुबारक हो बाई, अजान के वख्त आया बच्चा, नसीबवाला है.’ मी त्यांना गूळ दिला आणि तुम्हाला लिहिताना हे सगळं गाळलं. नातवाच्या जन्माची घटका मशिदीवरून धरली असं तुम्हाला कसं सांगायचं, या लाजेपायी गाळलं.

तुमच्या पंचांगात त्या दिवशीचा सूर्यास्त पाहा. साडेपाचला तो कुठल्याच गावात होत नाही.

हे पत्र हे आजच्या गाडीच्या डाकेत टाकताहेत. यावर तुम्हाला विटाळ वाटला तर माझा वाटू द्या, बाळाचा नको.

पद्मावती

*

सोलापूर
ता. ४ एप्रिल १९४४

सौ. विहीणबाई पद्मावतीबाईंस तारामतीचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र वसंतच्याच हाती देतेय. तो तुमच्या दारात उभा राहून तुम्ही वाचून व्हायची वाट पाहणार नाही, त्याला आधी आत जाऊ द्या. बापाला मुलाचं तोंड बघायला माझी आडकाठी नाही.

काल तुमचं पत्र आलं तेव्हा गुरुजी इथेच होते. मी मोठ्याने वाचलं. मशीद आली तिथे ते चुळबुळले. म्हणाले, ‘हे प्रमाण धरायचं का?’ मी म्हटलं, गुरुजी, या बाईला खोटंच सांगायचं असतं तर तिने देवळातली घंटा सांगितली असती. मशीद कशाला सांगेल? त्यांनी पंचांग काढलं, सूर्यास्त पाहिला आणि नवा कागद मागितला. पत्रिका पाडव्याची मांडलीय, सोबत आहे. जुनी मी चुलीत घातली.

आता माझं ऐका. तुम्ही एवढं उघडं लिहिलंत, तर मी झाकून ठेवणं बरं नाही. वसंतच्या आधी मला एक मुलगा होता. अमावास्येचा. तेव्हा एकनाथराव नव्या विचारांचे होते, कुणाचं न ऐकता त्याच दिवशी त्याला मांडीवर घेतलं. तो नऊ दिवस राहिला. त्या दोन गोष्टींचा संबंध नाही असं एकनाथराव अजून म्हणतात, आणि त्या दिवसापासून त्यांनी मला एकाही व्रताला नाही म्हटलेलं नाही. तुमची तार आली तेव्हा मी पत्रिका मांडत नव्हते, विहीणबाई. मी घाबरले होते.

नाव दिनकर ठेवा. घड्याळांची कटकट नको.

आणि एक. काल भोंगा झाला, मी उठले नाही. ओसरीवर बसून राहिले. ऊन भिंतीवरून चढलं, कौलावर गेलं, निवलं. मग लावला दिवा. दीड वर्षाने ज्योत दिसली.

मालतीला सांगा, लेस एकदाच लावावी, नाहीतर टोपडं फाटेल.

तारामती

*

सोलापूर
ता. १८ ऑक्टोबर १९४५
(कार्ड)

सौ. विहीणबाईंस नमस्कार. परवा सरकारने तास परत दिला. एकनाथराव खुर्चीवर चढून काटा फिरवत होते, दिनकर खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. भोंगा आता पुन्हा योग्य वेळी होतो, पण माझी सवय गेली ती गेली, मी आपली ऊन बघते. तुम्ही देवाजवळचं घड्याळ आता काढून टाकाल की किल्ली वाचवायला बंद ठेवाल, असं एकनाथराव विचारतात. तारामती

*

सोलापूर
ता. ४ ऑक्टोबर १९४८

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

पत्रं जाताहेत असं कळलं, म्हणून लगेच लिहितेय. उन्हाळ्यापासून तुमचं काही नाही. मे महिन्यात मी लिहिलं होतं की दोघं इकडे निघून या, ते पोचलं का तेही ठाऊक नाही. तिकडून आलेल्या माणसांनी इथल्या धर्मशाळा भरल्या होत्या. मालती रोज एकेका बाईला विचारायची, काचीगुड्याचं कुणी आहे का. फौजा आल्या, पाच दिवसांत सगळं झालं, असं पेपरात वाचलं. पेपरात तुमच्या गल्लीचं काही नसतं.

तुमचे भगवंतराव कसे आहेत? तुम्ही कशा आहात? घासलेट मिळतं का?

दिनकर साडेचार वर्षांचा झाला. त्याला मी त्याच्या जन्माची गोष्ट सांगते, घड्याळासकट. त्याने काल विचारलं, काचीगुड्याची आजी अजून त्याच आवाजावर दिवा लावते का? उत्तर त्याला तुम्हीच द्या.

तारामती

*

काचीगुडा, हैदराबाद
ता. ९ ऑक्टोबर १९४८

सौ. विहीणबाईंस पद्मावतीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र हातात पडलं आणि मी आधी पाकिटाच्या पाठीमागची कोरी बाजू पाहिली, की हिच्यावर यादी करता येईल. म्हणजे मी ठीक आहे हे ओळखा. हेही ठीक. कचेरी एक दिवस बंद होती, नंतर रोज गेले. मेचं पत्र मिळालं नाही, मिळालं असतं तरी हे नोकरी सोडून आले नसते. घासलेट रांगेत मिळतं. मी पूर्वी वाचवलेलं वापरलं, त्या पाऊण बाटलीसकट. सरकारने वाचवायला लावलेलं घासलेट अखेर उपयोगी पडलं, हे एकनाथरावांना सांगा.

आता दिनकरला उत्तर. सगळंच लिहिते, त्याला हवं तेवढं सांगा.

सप्टेंबरच्या मध्यावर फौजा शहरात आल्या आणि एक दिवस अजान झाली नाही. मी काडीपेटी घेऊन उभी. अंधार झाला तसा अंदाजाने दिवा लावला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. गल्लीतली दारं दिवसा बंद. मुनीरबींच्या घरातून चुलीचा धूर दिसे तेवढाच. तास पुढे-मागे केला सरकारने तेव्हा मला एवढी अडचण झाली नव्हती, या दिवसांत झाली. कधी दिवा उजेडात लागला, कधी देव अंधारात राहिले. देवाजवळचं घड्याळ चालू होतं, किल्लीही देत होते, पण कशाशी जुळवून घ्यायचं तेच समजेना.

आठव्या दिवशी मी मुनीरबींच्या मागच्या दाराशी गेले. बराच वेळ कुणी उघडलं नाही. मी म्हटलं, ‘मी पद्मावती. दिनूची आजी.’ मग कडी निघाली. मी जे होतं तेच सांगितलं, ‘म्हाताऱ्यांना निरोप द्या. म्हणावं, बाईंचा दिवा अडलाय.’ त्या म्हणाल्या, ‘तुमचा दिवा? हमारी अजान पे?’ मी म्हटलं, ‘सहा वर्षं झाली.’ त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं हसताहेत.

त्या संध्याकाळी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, निरोप पोचला नसेल, किंवा मी उगाच कुणाला तरी संकटात घातलं. हे म्हणाले, ‘तुम्ही तेवढं केलंत, पुरे.’ तिसऱ्या दिवशी मी सवयीने काडीपेटी घेतली आणि आवाज आला. फार बारीक, घसा बसल्यासारखा, मधे एकदा थांबलाही. हे बाहेर ओट्यावर होते. टोपी काढून हातात घेतली आणि आत येऊन म्हणाले, ‘लावा.’

आता रोज होते. आवाज अजून पूर्वीसारखा नाही, पण वेळ बिनचूक आहे. परवा म्हातारे गल्लीतून जाताना आमच्या दाराशी थांबले. यांना विचारलं, ‘बाईंचा दिवा वेळेवर लागतो ना?’ हे मान हलवून ‘हौ’ म्हणाले.

दिवाळीला मालतीला आणि दिनकरला पाठवा. तुमचा तिळगुळाचा डबा इथेच आहे, मागच्या खेपेला ती विसरून गेली. लाडू भरून ठेवते. दिनकरला देवघरात उभं करीन, काडी त्याला ओढू देईन.

अजून बरंच लिहायचं होतं, कागदही शिल्लक आहे. पण अजान झाली. दिवा लावते.

आपली,
पद्मावती